टीचरची गोळी

तुळिंज,
५ सप्टेंबर २०२४

प्रिय बेटी,

तुझं पत्र काल मिळालं. भुईगावहून तुळिंजला यायला त्याने सहा दिवस घेतले. तू ते हातात धरून चालत आली असतीस तरी आधी पोचली असतीस. तरीही पत्रच लिहीत जा. फोनवर तुला ऐकू येत नाही, मग मी ओरडते आणि खालच्या मजल्यावरची माणसं खिडकीत येऊन उभी राहतात. कानाचं मशीन कपाटात ठेवण्यासाठी घेतलेलं नाही, हे माझ्या भावाने, म्हणजे तुझ्या नवऱ्याने, तुला सांगितलं असेलच. मार्सेलने सांगितलं नसेल तर मी सांगते.

आता मुद्द्याचं. सहा महिने झोप नाही, डॉक्टरांनी झोपेची गोळी लिहून दिली आहे, ती घेऊ की नको, असं तू विचारतेस. मी काही डॉक्टर नाही. एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, तेवढ्यावर बोलते. तू दिवसा किती झोपतेस ते डॉक्टरांना सांगितलंस का? ब्लड प्रेशरची गोळी चालू आहे हे सांगितलंस का? आणि गोळी किती दिवसांसाठी दिली आहे? या तिन्हींची उत्तरं आल्याशिवाय मी मत देणार नाही. झोपेच्या गोळीला लोक पेपरमिंट समजतात, तशी ती नाही.

आमच्याकडे ठीक. ब्रेंडाची ॲंजेला परवा दोन महिन्यांची झाली. ब्रेंडाची रजा जानेवारीत संपेल, तेव्हापासून सकाळी आठ ते संध्याकाळी सात नात माझ्याकडे. बाई ठेवायची नाही आणि पाळणाघराचं नावही काढायचं नाही, असं मी लेकीला सांगून टाकलं आहे. दुधाची बाटली आतापासूनच आणून ठेवली. आजोबा म्हणून रोनाल्ड खुळखुळा वाजवेल, त्याला तेवढं जमतं.

तुझी,
एस्थर

*

भुईगाव,
१४ सप्टेंबर

एस्थरबाय,

तुमचं पत्र मी वाचत होते तर मार्सेल म्हणतो, "बस की खाली, वर्गात आहेस काय?" बघते तर खरंच उभी होते.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं देते. दुपारी जेवून दोन तास झोपते. संध्याकाळी टीव्हीसमोर एखादा तास डोळा लागतो. हे डॉक्टरांना सांगितलं नाही, कारण त्यांनी विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "झोप येत नाही?" मी म्हटलं, "नाही." बाहेर चाळीस माणसं बसली होती. त्यांनी लिहिलं, मी उठले. पंधरा दिवसांच्या गोळ्या आहेत.

दुसरी औषधं चालू आहेत का, हे मात्र विचारलं होतं. मी नाही म्हटलं. ब्लड प्रेशरची गोळी मी औषधात धरत नाही, ती रोजचीच.

खरं सांगू का? बत्तीस वर्षं मी दोनला उठून चाफ्याच्या कळ्या काढल्या. टोपल्या पहिल्या गाडीला जायच्या. फुलं बंद करून दोन वर्षं झाली, पण ते माझ्या शरीराला कोणी कळवलेलं नाही. बरोबर दोनला डोळे उघडतात आणि हात परडी शोधतात.

मार्सेलचा सल्ला असा, की त्याने घरी केलेली जांभळाची वाइन दोन बोटं घ्यायची, वर गोळी टाकायची, म्हणजे सरळ सकाळ. आणि रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर गायनमंडळातल्या एकीने तिच्याच गोळ्या मला देऊ केल्या. म्हणाली, "तुझ्यापेक्षा भारी आहेत." मी अजून काहीच घेतलेलं नाही. तुमची वाट बघते.

ॲंजेलाला पापा.

बेटी

*

तुळिंज,
२१ सप्टेंबर

प्रिय बेटी,

मार्सेलला सांग, त्याची वाइन नाताळाच्या केकपुरती ठेव. दारू आणि झोपेची गोळी एकत्र घेतली की श्वासच मंद होतो. "सरळ सकाळ" होईल, पण ती तू पाहशील याची खात्री नाही. हे त्याला मोठ्याने वाचून दाखव.

दुसऱ्याची गोळी कधीही घ्यायची नाही. कोणाचीही. गायनमंडळात सूर उसने घ्या, गोळ्या नकोत. आपल्या वयाला ती पचायला वेळ लागतो, सकाळी डोकं जड राहतं, माणूस न्हाणीघरात पडतो आणि खुबा मोडून घेतो. घ्यावीच लागली तर थोडे दिवस, डॉक्टरांच्या नजरेखाली, आणि घेतल्याबरोबर अंथरुणात शिरायचं. हातात काम धरायचं नाही. अर्धी सांगितली असली तर मोडताना चुरा जिभेला लागू देऊ नकोस, फार कडू असते.

पुन्हा जा. घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घाल, अगदी रोजच्याही, आणि डॉक्टरांच्या टेबलावर ओत. दुपारच्या झोपेचं सांग. बाहेर चाळीस बसलेत की चारशे, ते बघू नकोस.

तू दिवसाकाठी तीन तास झोपतेस आणि रात्री झोप नाही म्हणतेस. पोट भरल्यावर जेवण जात नाही, म्हणून कोणी औषध मागतं का?

तुझी,
एस्थर

*

(तारीख नाही)

बेटी ग,

चाफ्याचा वास येतो का तुला अजून. मला येतोय आत्ता. तू लग्न होऊन आलीस तेव्हा वेणीत एकच कळी होती आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं हिचं मराठी कच्चं आहे. तुझं मराठी कच्चं नव्हतं ग. तू घाबरली होतीस. मी किती वर्षं लिहीन लिहीन म्हणते.

झोप लागत नसेल तर ही घे. चार आहेत. गॉडफ्रे देतो मला. कधी नाही म्हणत नाही. वर्गातपण गुणी होता, फळा पुसायचा. अगदी स्वच्छ पुसायचा फळा. अकरा वर्षं घेते मी. छान झोप लागते. कोणाला सांगू नकोस. फळा स्वच्छ.

दूध झालं बघ. बाटली गरम आहे. ॲंजेलाला भूक लागली असेल. कुठे ठेवली मी तिला. पलंगावर नाही. बघते

बघते हां

*

भुईगाव,
४ ऑक्टोबर

एस्थरबाय,

तुमचं हे पत्र मी दोनदा वाचलं. एकदा उभी राहून आणि एकदा बसून. बसून वाचताना रडले. लग्नातलं ते मी कधीच विसरले होते, असं म्हटलं तर खोटं होईल. पण तुम्हाला आठवत असेल असं वाटलं नव्हतं.

पाकिटातून गोळ्यांची पट्टी निघाली. आधीच्या पत्रात तुम्हीच लिहिलंत, दुसऱ्याची गोळी कोणाचीही घ्यायची नाही. मग मला वाटलं, तुम्ही परीक्षा घेताय. शाळेत नाही का, तुम्ही मुद्दाम फळ्यावर चुकीचं उत्तर लिहायचात, कोण बोट वर करतं ते बघायला? मार्सेलने सांगितलं होतं. म्हणून मी घेतली नाही. पास ना?

पण मार्सेलला ते पटत नाही. तो म्हणतो, आमच्या बहिणीची ओळ कधी कलंडत नाही आणि इथे सगळ्या ओळी उतरणीला लागल्यात. शिवाय तिकीट उलटं.

पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर ओतली. त्यांनी कपाळाला हात लावला आणि झोपेची गोळी तूर्त बंद केली. दुपारची झोप बंद, टीव्हीसमोरची बंद, संध्याकाळचा चहा बंद. दोनला जाग आली तर लोळत राहायचं नाही, उठून बसायचं, डोळा जड झाला की मगच आडवं व्हायचं. महिन्याने बघू म्हणाले. दुपारी मी आता वाडीत केळीची वाळलेली पानं काढत फिरते. चार-पाच दिवस झाले. मार्सेल म्हणतो, केळींची झोप उडाली.

एक विचारायचं होतं. ॲंजेला त्या दिवशी रात्री तुमच्याकडे होती का? सापडली ना?

बेटी

*

तुळिंज,
१० ऑक्टोबर

बेटी,

मी असं कोणतंही पत्र लिहिलेलं नाही. कोणीतरी चेष्टा केली आहे. ॲंजेला रात्री माझ्याकडे नसते, ती शेजारच्या विंगमध्ये स्वतःच्या आईबापांकडे असते. ते पत्र आणि ती पट्टी ताबडतोब परत पाठव.

एस्थर

*

भुईगाव,
१७ ऑक्टोबर

एस्थरबाय,

दोन्ही पाठवते आहे. अक्षर तुमचं आहे. चेष्टा करणाऱ्याला माझ्या वेणीतली कळी कशी माहीत असेल?

तुम्ही मला नेहमी स्पष्ट बोलता, आज मी बोलते. मी ब्रेंडाला काही सांगणार नाही. ते तुमचं तुम्ही सांगायचं. पण ज्या बाईने नसलेल्या बाळासाठी दूध तापवलं आणि सकाळी तिला काही आठवलं नाही, तिच्याकडे मी माझं कोंबडीचं पिल्लूसुद्धा ठेवणार नाही.

रागवा. पण उत्तर लिहा.

बेटी

*

तुळिंज,
१२ नोव्हेंबर

प्रिय बेटी,

रागावले होते. वीस दिवस पुरला तो राग, म्हणून उशीर.

तुझं पाकीट आलं तेव्हा मी ते पत्र टेबलावर पसरून लाल पेनाने तपासायला बसले. तिसऱ्या ओळीपर्यंत पोचले आणि पेन ठेवलं. अक्षर माझं आहे.

मग रोनाल्डला बोलावलं. विचारलं, "मी रात्री उठते का?"

तो म्हणाला, "उठतेस की."

"आणि काय करते?"

"दूध तापवतेस. बाटलीत भरतेस. सकाळी मी ओतून टाकतो आणि बाटली धुऊन ठेवतो."

"मला कधी बोलला नाहीस?"

"मला वाटलं, जानेवारीची प्रॅक्टिस करतेस. तू कुठलीही गोष्ट तयारीशिवाय करत नाहीस."

बेचाळीस वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याला माझ्याबद्दल एवढा आदर असावा, हे माझंच पाप. पत्राचं विचारलं तर म्हणाला, टेबलावर बंद पाकीट दिसलं की सकाळी फिरायला जाताना ते पेटीत टाकायचं, हा घरचा नियम आहे. नियम मीच केला होता. पायावर वरचेवर निळे डाग दिसायचे, त्यांचा दोष मी स्टुलाला देत होते. स्टूल दोनदा हलवलंसुद्धा.

आता गोळीचं. २०१३ साली रोनाल्डच्या हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी एक महिन्यासाठी लिहून दिली होती. महिना संपला, मी चिठ्ठी घेऊन तशीच गॉडफ्रेच्या मेडिकलमध्ये गेले. माझा विद्यार्थी. मी आत शिरले की गिऱ्हाईक अर्धं टाकून उठून उभा राहतो. त्याने त्या दिवशी चिठ्ठी बघितली, पुढे कधी मागितली नाही. त्या एका महिन्याची अकरा वर्षं झाली. आधी अर्धी होती, मग एक. गेल्या वर्षापासून कधीकधी दीड. हे वाक्य लिहायला मला चहा करून घ्यावा लागला.

परवा त्याच्या दुकानात गेले. उठून उभा राहिला. म्हटलं, "गॉडफ्रे, या गोळ्या चिठ्ठीशिवाय द्यायच्या नसतात हे तुला माहीत नाही?"

"माहीत आहे, टीचर."

"मग मला का देतोस?"

"टीचर, मी तुमच्याकडे चिठ्ठी कशी मागणार? तुम्हीच म्हणाल, गॉडफ्रे, मला शिकवतोस?"

मी असंच म्हटलं असतं, बेटी. याच शब्दांत. तरी त्याला तिथल्या तिथे झापलं. म्हटलं, यापुढे कोणाही टीचरला, सिस्टरला, फादरला, चिठ्ठी बघितल्याशिवाय द्यायची नाही, उभं राहायचं असेल तर खुशाल राहा, पण हात पुढे करून चिठ्ठी माग. "हो टीचर" म्हणाला आणि हात पुढे केला. माझ्याकडे चिठ्ठी नव्हती. मी घरी आले.

संध्याकाळी डॉक्टरांकडे गेले, जुने डॉक्टर वारले, त्यांच्या जागी आता त्यांची सून बसते. मी म्हटलं, आजपासून बंद करते. ती म्हणाली, "अजिबात नाही. इतक्या वर्षांची गोळी एकदम तोडलीत तर त्रास होईल, झटके येऊ शकतात. मी सांगेन तशी, थोडीथोडी कमी करायची." चार महिने धरले आहेत. प्रत्येकाचं प्रमाण वेगळं असतं, माझं बघून दुसऱ्या कोणी करायचं नाही, हेही बजावलं. रात्री दाराची चावी रोनाल्डकडे आणि गॅसचा खटका बंद, हा तिचाच हुकूम.

मार्चपर्यंत मी मोकळी. जानेवारीत गोळी निम्म्यावर आलेली असेल. दिवसा मी ठणठणीत असते. तेव्हा ब्रेंडाला सांगून तिचा जीव टांगणीला लावण्यात मला अर्थ दिसत नाही.

तुझी,
एस्थर

*

भुईगाव,
२० नोव्हेंबर

एस्थरबाय,

अर्थ मला दिसतो. सकाळी डोकं जड राहतं, हे तुम्हीच मला २१ सप्टेंबरला लिहिलंत. पत्र समोर आहे. ॲंजेला सकाळी आठला येणार. गोळी निम्मी असो की पाव, ती कमी होत असताना तुम्हाला कशा रात्री जातील ते तुम्हाला माहीत नाही, आणि तुमच्या डॉक्टरीणबाईंनाही नक्की माहीत नसेल.

तुम्हाला भीती आहे की ब्रेंडा बाळ देणार नाही. मला वाटतं, नाहीच देणार. पण न सांगता ठेवून घेतलंत आणि काही झालं, तर ती तुम्हाला नंतर कधीच देणार नाही. आणि तुम्हीसुद्धा स्वतःला देणार नाही.

माझी झोप आता साडेतीनपर्यंत येऊन पोचली आहे. दोनला परडी आठवते, पण उठून बसते आणि काहीतरी कंटाळवाणं वाचते. मार्सेलने पीक विम्याची माहितीपुस्तिका आणून दिली आहे. दुसऱ्या पानापुढे मी अजून गेलेले नाही. डॉक्टर म्हणाले, गोळीची गरज दिसत नाही, पण लागली तर लाजायचं नाही, फक्त त्यांना विचारून.

ब्रेंडाला पाच दिवसांत सांगा. पत्र पोचायला सहा लागतात, म्हणजे हे वाचाल तेव्हा मुदत एक दिवस आधीच संपलेली असेल.

बेटी

*

तुळिंज,
५ डिसेंबर

प्रिय बेटी,

सांगितलं.

रविवारी मिस्साहून आल्यावर ब्रेंडा बाळाला घेऊन आली होती. मी सगळी पत्रं तिच्यासमोर ठेवली. तोंडी सांगायला बसले असते तर बोलता बोलता मी स्वतःला पास करून टाकलं असतं. तिने ते बिनतारखेचं पत्र शेवटी वाचलं. वाचताना ॲंजेलाला मांडीवरून उचलून खांद्याशी घेतलं. तिच्या लक्षातही आलं नसेल. माझ्या आलं.

म्हणाली, "मम्मी, जानेवारीत नाही."

मी म्हटलं, "बरोबर आहे."

"मम्मी, तू भांडणार नाहीस?"

"नाही."

मग मात्र ती रडायला लागली. मी भांडले असते तर तिला सोपं गेलं असतं. रोनाल्डने खुळखुळा वाजवला. कोणासाठी, ते त्यालाच ठाऊक.

ॲंजेला २ जानेवारीपासून पाळणाघरात. तेच, ज्याचं नावही काढायचं नाही असं मी सांगितलं होतं. मी एक जाऊन बघून आले. जागा स्वच्छ आहे, खिडक्यांना जाळ्या आहेत, बाई शहाण्या दिसल्या. मी त्यांना सतरा प्रश्न विचारले. शेवटी त्यांनी मला विचारलं, "मग आजी, तुम्ही का नाही सांभाळत?" मी म्हटलं, "मी झोपेची गोळी घेते, ती सोडवते आहे." त्या चटकन म्हणाल्या, "मीपण घेते कधीकधी." मग मी आणखी चार प्रश्न विचारले. तिथे नाही, दुसरं पाळणाघर बघितलं आहे.

रात्री वाईट जातात. काल तीन तास झोप. दिवसभर सगळ्यांवर खेकसले, म्हणजे कोणाला फरक कळला नसेल.

तुझी,
एस्थर

*

भुईगाव,
२७ फेब्रुवारी २०२५

एस्थरबाय,

तीन महिने तुमचं पत्र नाही. रोनाल्ड फोनवर "चाललंय" एवढंच बोलतो, आणि मी कानात मशीन घातलेलं होतं, म्हणजे नीट ऐकलं. काय चाललंय?

मी इकडे पाचपर्यंत झोपते. काल तर साडेपाच. मार्सेलने घाबरून हलवून बघितलं.

दोन ओळी तरी लिहा. कलंडल्या तरी चालतील.

बेटी

*

तुळिंज,
२७ एप्रिल

प्रिय बेटी,

लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. कमी करायची, चार रात्री तळमळायचं, जरा सावरायचं, पुन्हा कमी करायची. मधे एकदा डॉक्टरीणबाईंनी पंधरा दिवस तिथेच थांबवलं, म्हणून मार्चचा एप्रिल झाला. मला मागे राहिल्यासारखं वाटलं. ती म्हणाली, "आजी, इथे पहिला नंबर नसतो." उर्मट आहे, पण हुशार आहे.

शेवटचा तुकडा ईस्टरच्या आधीच्या शनिवारी घेतला. त्यानंतर नाही. झोप चार-पाच तास येते, तीही फाटकी. डॉक्टर म्हणते, सुधारेल. पायावर डाग नाहीत. दूध सकाळी पातेल्यातच असतं.

काल शनिवार. ब्रेंडा दारात आली, ॲंजेला कडेवर. म्हणाली, "मम्मी, मला मार्केटमध्ये जायचंय. दोन तास ठेवशील?" मार्केट आमच्या खाली आहे, तिथे दोन तास लागत नाहीत. मी हात पुढे केले. तिने बाळ दिलं, चपला घातल्या, आणि जिन्यात बराच वेळ थांबली. तिची पावलं उतरल्याचा आवाज फार उशिरा आला.

पहिल्या पाच मिनिटांतच ॲंजेलाचे डोळे मिटले. मी तिला पलंगावर ठेवलं, दोन्ही बाजूंना उश्या लावल्या आणि समोर खुर्ची घेतली. रोनाल्ड म्हणाला, "तूपण जरा पड, मी बघतो." मी त्याला बाहेर पाठवलं.

दोन तास ती झोपली होती. मी जागी होते.

तुझी,
एस्थर